बाटलीच्या तळाशी



 अध्यक्षीय भाषणात साऱ्या आयुर्वेदशास्त्राचा आढावा घेण्याची पद्धत आहे. ती मोडून मी आज एकाच पदार्थाबद्दल बोलणार आहे. तो म्हणजे हिंग, आणि त्यातही बाटलीत भरलेला हिंग.

तीन वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात एक निवृत्त शिक्षक आले. जेवणानंतर पोट फुगते म्हणून त्यांनी दुकानातून एक पाचक आणले होते. हिंग, ओवा, सुंठ, सैंधव, नेहमीचाच योग. दोन-दोन चमचे पंधरा दिवस घेतले, काही फरक पडला नाही. मग शेवटचे दोन दिवस मात्र छातीत आग, करपट ढेकरा आणि जुलाब. बाटली सोबत आणली होती. मी ती उजेडाकडे धरली. तळाशी अजूनही बोटाच्या पेराएवढा साका होता, ओल्या मातीसारखा पिवळसर करडा. झाकण उघडताच खोलीभर हिंग झाला. पंधरा दिवस त्यांनी ओव्याचे गोड पाणी घेतले होते आणि शेवटच्या दोन दिवसांत साठलेला हिंग. ‘हलवून घ्या’ हे दोन शब्द बाटलीवर कुठेही नव्हते.

त्या कंपनीचे नाव मी सांगणार नाही. त्या संध्याकाळी मी माझ्याच औषधशाळेत गेले, आमच्या पाचकाची राखून ठेवलेली जुनी बाटली काढली आणि उजेडाकडे धरली. तिच्या तळाशी तसाच साका होता.

हिंग म्हणजे फेरुला प्रजातीतल्या झाडाचा चीक. कोथिंबीर, जिरे, ओवा, बडीशेप ही याची एकाच कुळातली भावंडे. इराण, अफगाणिस्तानच्या कोरड्या डोंगरांत मुळाच्या माथ्यावर चीर देतात, चीक पाझरतो, वाळतो, खरवडून घेतात. चरकाने सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात श्रेष्ठ द्रव्यांची यादी दिली आहे. तिथे दीपन आणि वातानुलोमन करणाऱ्यांत हिंगाला पहिला मान देताना त्याने ‘निर्यास’ हा शब्द वापरला आहे. निर्यास म्हणजे पाझरून आलेला. या एका शब्दात आपला सगळा प्रश्न आहे. सुंठीचा काढा होतो, ओव्याचा अर्क निघतो. निर्यासाचे तसे नाही. हिंगात साधारण चौथा हिस्सा डिंक असतो, निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक राळ आणि दहा टक्क्यांच्या वर उडनशील तेल. डिंक पाण्यात विरघळतो. राळ विरघळत नाही. वास तेलातल्या गंधकयुक्त द्रव्यांचा, आणि तो झाकण उघडे राहिले की उडून जातो.

विद्यार्थ्यांनो, हे पुस्तकात वाचू नका, खलात करून पाहा. खडा हिंग मसुराएवढा घ्या, कोमट पाण्याचे दोन-चार थेंब टाका आणि घोटत राहा. आधी चिकट लगदा होतो, बत्त्याला धरतो. थेंबथेंब पाणी वाढवत गेलात की एका क्षणी तो लगदा सुटतो आणि खलात दूध तयार होते, अगदी पांढरे दूध. डिंकाने राळेचे बारीक कण पाण्यात उचलून धरलेले असतात. जुन्या पाश्चात्त्य औषधसंहितांत या दुधालाच औषध म्हणून जागा होती. पण रात्रभर ठेवा. सकाळी वर निवळ पाणी आणि खाली साका.

आपल्या घरांतल्या बायकांना हे ठाऊक होते असे मला ठामपणे वाटते. हिंग त्या तुपात तळत, फोडणीत टाकत, ताकात कालवत. हिंगाष्टक चूर्ण घ्यायचे ते पहिल्या घासाला, भात आणि तूप घेऊन. तूप राळेला सामावून घेते. ताकातला स्निग्धांश आणि घट्टपणा तिला धरून ठेवतो. अनुपान, म्हणजे औषधासोबत घ्यायचा पदार्थ, हे चवीसाठी नसते. निर्यासाच्या बाबतीत तर अनुपान हेच वाहन आहे. आणि हे सगळे करायचे आणि तिथल्या तिथे घ्यायचे. हिंगाचे पाणी करून सहा महिने फडताळात ठेवण्याची रीत आपल्याकडे कधीच नव्हती. ती बाटलीबरोबर आली. बाटली आली की काळ आला, आणि काळ आला की साका आला.

मग आसव-अरिष्टांचे काय, असे कुणी विचारेल. धायटीची फुले घालून संधान केले, म्हणजे आंबवले, की मद्यार्क तयार होतो, पण तो फार तर बारा टक्क्यांपर्यंत. हिंगाची राळ पुरती सोडवायला सत्तर ते नव्वद टक्के मद्यार्क लागतो. ब्रिटिश औषधसंहितेतले हिंगाचे टिंक्चर सत्तर टक्के मद्यार्कातच होत असे. म्हणजे आसवात हिंग घातला, तर त्यातला मोठा भाग गाळताना फडक्यावर राहतो. आपण घटकांच्या यादीत हिंग लिहितो आणि तो चोथ्याबरोबर फेकतो. हे अनेक वर्षे चालले आहे आणि मला याचे फार वाईट वाटते.

उपाय आहेत. बाभळीचा डिंक योग्य प्रमाणात घालून घोटले, कण पुरेसे बारीक केले, द्रवाचा घट्टपणा सांभाळला, तर साका सावकाश बसतो आणि हलवल्यावर पुन्हा उठतो. याला कष्ट पडतात, वेळ लागतो, खर्च येतो. तो खर्च करायचा की घटकांच्या यादीत नुसते नाव छापायचे, हे आपण ठरवायचे आहे.

आता बाटलीत जाण्याआधीच्या हिंगाकडे येऊ. बाजारात मिळणारा बहुतेक हिंग बांधानी असतो. त्यात मैदा किंवा तांदळाचे पीठ, डिंक आणि थोडे तेल घालून त्याचा जोर कमी केलेला असतो. स्वयंपाकाला ते ठीक, कारण शुद्ध हिंग इतका तीव्र की चिमूटभरही जास्त होतो. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे बांधानी हिंगात मद्यार्कात विरघळणारा अंश किमान ५ टक्के असला की पुरते. शुद्ध हिंगासाठी ती मर्यादा १२ टक्के आहे. कुणी पाचकात ‘हिंग १०० मिलिग्रॅम’ लिहितो तेव्हा तो कुठला हिंग? बांधानी असेल तर त्यात राळ किती आणि मैदा किती? आणि ज्याला गव्हाचे वावडे आहे, ज्याचे आतडे गव्हाने सोलून निघते, असा रुग्ण पोटाच्या औषधातूनच गहू घेत असेल तर त्याला ते कोण सांगणार? माझ्याकडे असे एक तरुण रुग्ण होते. सगळे पथ्य कडक पाळत, तरी त्रास थांबेना. शेवटी स्वयंपाकघरातल्या हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरे आम्ही दोघांनी मिळून वाचली.

आपण जगातला सर्वाधिक हिंग खाणारा देश आणि कालपरवापर्यंत आपल्याकडे त्याची लागवडच नव्हती. २०१८ मध्ये पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने इराणहून बी आणले आणि १५ ऑक्टोबर २०२० रोजी लाहौल खोऱ्यातल्या क्वारिंग गावात पहिले रोप लावले. चीक द्यायला झाडाला पाच वर्षे लागतात. इतक्या कष्टाने येणारी ही गोष्ट आहे. ज्याला कुणी विचारत नाही त्याच्याबद्दल आपण म्हणतो, याला कुणी हिंग लावूनही विचारत नाही. खुद्द हिंगालाच विचारण्याची वेळ आता आली आहे.

आपल्या रानातही एक निर्यास आहे, डिकेमाली. तिचे संस्कृत नाव नाडीहिंगु. डहाळीच्या टोकाला कळीवर हिरवट-पिवळा थेंब साचतो, तो कळीसकट खुडतात. जंतांवर, पोटफुगीवर, बाळाला दात येताना आपल्या आज्या ती वापरत, गुराच्या जखमेवर माशी बसू नये म्हणून लावत. तिचीही राळ पाण्याला दाद देत नाही. हिंगाचे काम आपण नीट केले तर डिकेमालीचे करायला सोपे जाईल.

बाळांचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगते. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एका बालरोग नियतकालिकात पाच आठवड्यांच्या बाळाची नोंद आली. पोटशुळासाठी घरच्यांनी ग्लिसरिनमधला हिंग पाजला आणि बाळ निळे पडले. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद गेली होती. तान्ह्या बाळाच्या रक्ताला अशा द्रव्यांपासून सावरण्याची क्षमता कमी असते. आपल्याकडे हिंगाचा लेप बेंबीभोवती लावतात, पोटावर. पोटावर आणि पोटात यांतले अंतर बाटलीने पुसू नये. गर्भवतींच्या बाबतीतही हाच सावधपणा हवा.

हिंगाचा उपयोग होतो का? होतो, असा माझा अनुभव आहे. पण माझा अनुभव हा पुरावा नव्हे. २०१८ मध्ये ४३ अपचनाच्या रुग्णांवर ३० दिवसांचा एक नीट आखलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला २५० मिलिग्रॅम दोनदा, आणि लक्षणांत चांगली घट दिसली. तो हिंग कॅप्सूलमध्ये, तंतूंच्या जाळीत बांधून दिलेला होता. त्या कॅप्सूलचा निष्कर्ष आपण आपल्या सिरपच्या जाहिरातीत वापरू शकत नाही. सिरपचा अभ्यास सिरपवरच करावा लागेल. आणि शौचाला काळी होणे, उतरत जाणारे वजन, गिळताना अडकणारा घास अशी लक्षणे असतील तर पाचकाची बाटली बाजूला ठेवून रुग्णाला आधी तपासणीला पाठवा. पाचकाच्या ढेकरेने मिळालेल्या दिलाशात महिने निघून गेलेले मी पाहिले आहेत.

एकच पाचक कुणी १९४० च्या औषध कायद्याखाली करतो, कुणी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली. कायदा कुठलाही असो, माझे मागणे साधे आहे. हिंग कुठला, शुद्ध की बांधानी. एका चमच्यात राळ किती. पीठ असेल तर कशाचे. आणि ठळक अक्षरांत ‘हलवून घ्या’. एवढे बाटलीवर यावे.

काल रात्री या सभागृहाच्या मागच्या खोलीत मी तीन बाटल्या भरून ठेवल्या आहेत. एकीत हिंग नुसत्या पाण्यात, दुसरीत आसवात, तिसरीत बाभळीच्या डिंकाबरोबर घोटून. दुपारच्या सत्रात त्या तुमच्यासमोर उजेडाकडे धरू. ज्यांच्या औषधशाळेत पाचक तयार होते त्यांनी आपलीही एक बाटली आणावी, न हलवता. खल आणि फडके मी आणले आहे.