दारावरची पाटी आणि घरातले इंटरनेट

उच्च शिक्षणासाठी किंवा नोकरीनिमित्त जर्मनीस गेलेल्या आपल्या तरुणांचे आईवडील इकडे व्हिडिओ-कॉलची वाट पाहत असतात आणि विद्यापीठाचा, बँकेचा बराचसा व्यवहार तिकडे इंटरनेटवरच चालतो. त्यामुळे नव्या बिऱ्हाडात पाऊल टाकताच जो करारनामा समोर येईल त्यावर सही करून मोकळे होण्याचा मोह अनेकांना पडतो. तो आवरावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत, घरमालकाचा दाखला घेऊन, स्थानिक कचेरीच्या दप्तरी आपला पत्ता नोंदविणे तेथे कायद्याने बंधनकारक आहे. ते काम प्रथम उरकावे. बँकेतले खातेही लवकर उघडावे, कारण इंटरनेटचे मासिक शुल्क बहुधा त्यातूनच परस्पर वळते होते. करारनाम्याची पहिली मुदत २४ महिन्यांपर्यंत असू शकते. परंतु १ डिसेंबर २०२१ पासून अमलात आलेल्या दूरसंचार कायद्यान्वये फार तर १२ महिन्यांच्या मुदतीचा पर्यायही ग्राहकापुढे ठेवणे कंपनीस भाग आहे. वर्षभरात खोली बदलण्याचा संभव असलेल्या विद्यार्थ्याने तो आवर्जून मागावा. फोनवरून किंवा इंटरनेटवरून केलेला करार १४ दिवसांच्या आत रद्द करण्याचा हक्कही ग्राहकास आहे.

खरी अडचण पुढेच असते. जर्मन इमारतींत घरांना बहुधा क्रमांक नसतात. खालच्या दरवाजापाशी बेलच्या बटणांशेजारी बिऱ्हाडकरूंची आडनावे लिहिलेली असतात, आणि टपालवाला काय किंवा जोडणीसाठी आलेला तंत्रज्ञ काय, त्या आडनावावरूनच घर शोधतो. पाटीवर जुन्याच भाडेकरूचे नाव राहिले असेल, तर तंत्रज्ञ खालच्या खालीच परत जातो आणि नव्या तारखेसाठी पुन्हा ताटकळत बसावे लागते. ठरलेली वेळ कंपनीने चुकविली, तर १० युरो किंवा मासिक शुल्काच्या २० टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल ती नुकसानभरपाई म्हणून मागता येते. मात्र दोष ग्राहकाचा असेल तर हा हक्क उरत नाही, आणि म्हणूनच त्या दोन इंचांच्या पाटीला मी एवढे महत्त्व देतो.

टेलिफोनच्या तारेवरून जोडणी घ्यावयाची असेल, तर ती तार इमारतीत जेथे येते ती पेटी पुष्कळदा तळघरात असते. घरातल्या भिंतीवरच्या सॉकेटला तीन खाचा असल्या, तर राउटरची तार ‘एफ’ अक्षराच्या मधल्या खाचेत बसवावयाची असते.

येत्या ऑक्टोबरच्या सत्रासाठी ज्यांची मुले निघाली आहेत, त्या पालकांनी त्यांना एवढे अवश्य बजावून सांगावे: तंत्रज्ञाची तारीख ठरताच आपले आडनाव बेलवर आणि टपालपेटीवर लावून घ्या, आणि तळघराची किल्ली कोणाकडे असते, याची घरमालकाकडे आगाऊ चौकशी करा.