सोडलेल्या माशांची शिरगणती



मासेमारीचा विचार करताना आपले लक्ष स्वाभाविकपणेच जाळ्यात काय आले याकडे जाते. होडी बंदराला लागली की पाट्या मोजल्या जातात, लिलाव पुकारला जातो, आणि सरकारी दफ्तरात नोंद व्हायची ती त्या पाट्यांचीच. अलास्काच्या नैर्ऋत्येस असलेल्या ब्रिस्टल उपसागरावर मात्र गेली साठाहून अधिक वर्षे एक निराळी वहिवाट चालत आली आहे. तेथील अंमलदार हंगामाच्या ऐन धामधुमीत पहिला हिशेब मागतो तो जाळ्यांना चुकवून नदीत शिरलेल्या माशांचा, आणि त्या हिशेबाने त्याचे समाधान झाले तरच कोळ्यांना जाळी टाकण्याची मुभा मिळते.

सॅमन मासा गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो, आणि अंडी घालण्यासाठी बहुधा आपल्या जन्माच्याच पाण्यात परततो, हे आपणांस ठाऊक असेलच. ब्रिस्टल उपसागरात मुख्यत्वे येणारी जात सॉकआय. ती एक-दोन वर्षे सरोवरात आणि दोन-तीन वर्षे समुद्रात काढते, परतून प्रजोत्पादन करते आणि तेथेच मरते. मृगाच्या पहिल्या सरींबरोबर कोकणातल्या ओढ्यांतून उलट धावणारे चढणीचे मासे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या प्रकाराची थोडीबहुत कल्पना येईल. मात्र ही चढण कोट्यवधींची आहे. 2022 साली सुमारे 7 कोटी 90 लक्ष सॉकआय तेथे आले आणि त्यांपैकी सुमारे 6 कोटी पकडले गेले. यातील बहुतेक मासा जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंतच्या तीन-चार आठवड्यांत येऊन जातो, त्यामुळे ज्याला काही ठरवायचे असेल त्याने ते तेवढ्या अवधीतच ठरवले पाहिजे.

या उपसागराला मिळणारी क्विजॅक नदी इलियाम्ना या विस्तीर्ण सरोवरातून जेथे बाहेर पडते, तेथे इग्युगिग वस्तीनजीक दोन्ही तीरांवर मचाणे उभारलेली असतात. गाळ सरोवरातच बसून गेल्यामुळे तेथील पाणी नितळ असते, आणि वर चढणारा मासा प्रवाहाचा जोर टाळण्यासाठी काठाकाठाने जातो. त्याच्या या स्वभावावरच सारी पद्धती उभी आहे. मोजणीदार पाण्याची चकाकी मारणारा चष्मा चढवून, मुठीतल्या गणकाची कळ दाबीत, दर तासाला एका तीरावर दहा मिनिटे मासे मोजतो, मग दुसऱ्या तीरावर तितकाच वेळ मोजतो, आणि आलेल्या आकड्यास सहाने गुणून तासाचा अंदाज बांधतो. जो मासा मागे फिरला तो वजा करायचा. रात्री दिव्याच्या उजेडात, पाळ्या बदलत, ही गणती अहोरात्र चालते. दहा मिनिटांवरून तासाचे अनुमान करणे हा पोरखेळ वाटेल खरा. परंतु आठवड्यांमागून आठवडे अशा शेकडो नोंदींची बेरीज होत गेली की अधिक-उण्याच्या चुका परस्परांस बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. याच उपसागराला मिळणाऱ्या नुशागाक नदीचे पाणी इतके स्वच्छ नसल्यामुळे तेथे हेच काम ध्वनिलहरींनी वेध घेणारे यंत्र करते.

ही मचाणांची पद्धती 1950 नंतरच्या दशकात रूढ झाली, आणि ती बसवून देण्यात वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ज्या मत्स्यसंशोधन संस्थेचा मोठा वाटा होता, तिच्यामागे डबाबंद मासळीच्या कारखानदारांचा पैसा होता. स्वार्थ हा नेहमीच आंधळा असतो असे समजण्याचे कारण नाही!

आता या आकड्याचा उपयोग कसा होतो ते पाहू. मचाणावरचा आकडा नेहमीच थोडा शिळा असतो, कारण मासेमारीच्या पाण्यातून मचाणापर्यंत पोहोचायला माशाला काही दिवस लागतात. म्हणून दूर पश्चिमेस पोर्ट मोलर येथे चाचणीच्या नौका आधीच जाळी टाकून येऊ घातलेल्या माशांची चाहूल घेतात, आणि पकडलेल्या माशांच्या खवल्यांवरील वर्तुळे वाचून त्यांचे वय ठरवले जाते. हे सारे जुळवून किंग सॅमन आणि डिलिंगहॅम येथील अंमलदार रेडिओवरून हुकूम सोडतात, की अमुक जिल्ह्यात भरतीच्या अमुक वेळेपासून इतके तास जाळी टाकावीत, किंवा पुढील हुकमापर्यंत मनाई आहे. बत्तीस फुटांहून लांब नौका वापरायची नाही या नियमाने बांधलेले शेकडो नाखवे तो हुकूम ऐकत ताटकळत असतात. माझ्या मते या सर्व व्यवस्थेचे मर्म यंत्रांत किंवा मचाणांत नाही. नदीकाठच्या अंमलदाराला राजधानी जुनोस कागद न पाठवता हुकूम काढण्याचा अखत्यार आहे, यात ते आहे. कागद जाऊन उत्तर येईपर्यंत मासा सरोवरात पोहोचलेला असेल.

किती मासे सोडावेत, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. 1924 च्या अमेरिकन कायद्याने निम्मे मासे सोडावेत असा ढोबळ दंडक घातला होता. परंतु आपला शेतकरी दळणाला धान्य काढण्यापूर्वी बियाणे बाजूला ठेवतो ते पिकाच्या निम्मे म्हणून नव्हे, शेत किती आहे ते पाहून. कॅनडाचे शास्त्रज्ञ रिकर यांनी 1954 साली हेच गणिताने मांडले: जननी फार थोड्या उरल्या तर पिढी खुंटते, आणि फार झाल्या तर सरोवरातले अन्न पिलांना पुरत नाही. म्हणून आज प्रत्येक नदीसाठी किमान आणि कमाल अशा दोन मर्यादा ठरलेल्या आहेत. क्विजॅकसाठी त्या 20 लक्ष आणि 1 कोटी आहेत. किमान मर्यादा गाठण्याची चिन्हे नसतील तर जाळी तहकूब, आणि कमाल ओलांडली जाण्याचा रंग दिसला तर अधिक तास मोकळे.

पण गणतीला सारे साधते असा समज करून घेऊ नये. 1973 साली ब्रिस्टल उपसागरात जेमतेम साडेसात लक्ष सॉकआय पकडले गेले, आणि 1990 नंतरच्या दशकाच्या अखेरीस खुद्द क्विजॅक, जी एकेकाळी या साऱ्या नद्यांची राणी, ती ढासळली. शेजारच्या नद्या भरभरून वाहत राहिल्या म्हणून व्यवसाय तगला. समुद्रात माशांचे काय होते त्यावर मचाणावरच्या माणसाची सत्ता नाही. याची सर्वांत कठोर प्रचीती उत्तरेकडील युकॉन नदीवर आली. तेथे मुखापासून काही अंतरावर पायलट स्टेशन येथे आणि कॅनडाच्या सरहद्दीलगत ईगल येथे ध्वनियंत्रे चढणीची मोजदाद करतात, आणि या यंत्रांनी चिनूक सॅमनची घट वर्षानुवर्षे नोंदवली, पण ती थांबवू शकली नाहीत. अखेरीस एप्रिल 2024 मध्ये अलास्का आणि कॅनडा यांनी युकॉनवरील चिनूकची मासेमारी सात वर्षे, म्हणजे त्या माशाच्या एका पूर्ण जीवनचक्राइतका काळ, तहकूब करण्याचा करार केला. सरहद्द ओलांडून 71,000 चिनूक कॅनडात पोहोचावेत हे त्या कराराचे उद्दिष्ट आहे. पिढ्यान्‌पिढ्या याच माशावर हिवाळा काढणाऱ्या युपिक आणि अथाबास्कन या आदिवासी कुटुंबांच्या मासे सुकवण्याच्या मांडवांवर त्यामुळे चिनूक चढत नाही, आणि ज्या घटीला केवळ तीच जबाबदार नाहीत तिची भरपाई सर्वांआधी त्यांच्याच ताटातून व्हावी, हा न्याय मला पटत नाही.