गालातल्या पेशीला काय विचारावं?



अकरावीला ज्यांनी बायॉलॉजीचं प्रॅक्टिकल केलंय, त्यांना आठवत असेल. चूळ भरायची, टूथपिकची बोथट बाजू गालाच्या आतून हलकेच फिरवायची, आलेला पांढुरका चिकटा काचपट्टीवर पसरायचा, वर मिथिलीन ब्लूचा थेंब. सूक्ष्मदर्शकातून फिकट निळे, कडा दुमडलेले पातळ तुकडे दिसतात. प्रत्येकात एक गडद ठिपका, म्हणजे केंद्रक. पेशी पन्नास ते ऐंशी मायक्रोमीटरची. तिच्यावर बारीक ठिपके दिसले तर ते बहुधा तोंडातले जिवाणू, जेमतेम एक मायक्रोमीटरचे.

केंद्रक पटलात बांधलेलं, म्हणून ही दृश्यकेंद्रकी पेशी. पेशीभित्तिका नाही, हरितलवकं नाहीत, म्हणून प्राण्याची. थरावर थर आणि वरचे थर चपटे, म्हणून स्तरित पट्टकी अभिस्तर. एवढं लिहिलं की मार्क मिळतात; पॅथॉलॉजिस्टचं काम मात्र इथून सुरू होतं.

विभाजन होतं ते तळाच्या थरात. नव्या पेशी जुन्यांना वर ढकलतात, जुन्या वर येता येता चपट्या होतात आणि शेवटी सुटून लाळेबरोबर पोटात जातात. म्हणून पेशी कुठल्या थरातली हे ठरवणं म्हणजे तिचं वय ठरवणं. निरोगी गाल खरवडला तर मधल्या आणि वरच्या थरांतल्या पेशी येतात. तळाच्या सहसा येत नाहीत. टाळूवर आणि हिरड्यांवर केराटिनचं टणक आवरण असतं, गालाच्या आत नसतं. पण तंबाखूची चिमूट वर्षानुवर्षं एकाच जागी धरली की तिथेही केराटिन साचून पांढरा चट्टा पडू शकतो. काही पेशींत मुख्य केंद्रकाशेजारी चिमुकलं सूक्ष्मकेंद्रक दिसतं. तळाशी विभाजन होताना झालेली ती चूक काही दिवसांनी वर आलेली असते. गालाबद्दल विचारलं, तर पेशी अशी चोख उत्तरं देते.

माणसाबद्दल विचारलं तर?

१९४९ मध्ये कॅनडात मरे बार आणि युअर्ट बर्ट्रम यांना मांजरीच्या चेतापेशींच्या केंद्रकात एक गडद ठिपका दिसला. बोक्यांत तो नव्हता. मादीच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक गुंडाळून निष्क्रिय होतं, तोच हा ठिपका. पुढे तो गालातल्या पेशींतही पाहता येऊ लागला आणि १९६८ पासून ऑलिंपिकमध्ये महिला खेळाडूंचे गाल खरवडले जाऊ लागले. ठिपका असेल तर स्त्री!

१९८५ मध्ये जपानमधल्या कोबे इथे जागतिक विद्यापीठ स्पर्धेत स्पेनची अडथळा-शर्यतपटू मारिया होसे मार्तिनेस पातिन्यो हिच्या पेशींत तो सापडला नाही. तिची गुणसूत्रं एक्स-वाय होती, पण तिच्या शरीरावर टेस्टोस्टेरॉनचा परिणामच होत नव्हता. म्हणजे ज्या फायद्याची शंका होती, तो तिला मिळालेलाच नव्हता. बातमी फुटली, तिची पदकं आणि शिष्यवृत्ती गेली. ती लढली आणि १९८८ मध्ये तिला पुन्हा परवानगी मिळाली. ऑलिंपिकमधली सरसकट तपासणी थांबायला १९९९ उजाडलं.

२०२५ मध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेनं गालाचा स्वॅब पुन्हा आणला. आता शोध वाय गुणसूत्रावरच्या, नर-विकास सुरू करणाऱ्या एसआरवाय या जनुकाचा आहे. तंत्र कितीतरी अचूक झालंय. जनुक आहे की नाही, हे नेमकं कळेल. पण त्या जनुकामुळे सुरू होणाऱ्या घडामोडींना पुढे शरीरानं प्रतिसाद दिला की नाही, हे त्या एका उत्तरातून कळत नाही. पातिन्योच्या बाबतीत निकाल तिथेच तर चुकला होता.