लुटुपुटूची निवड

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही अमेरिकेला जाऊन आलात, तेव्हा यंदा तिकडचे काहीतरी सांगा." मी सातवी शिकलेली बाई. २०२४ साली धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी तीन महिने डेट्रॉईटला राहिले, त्यातले निम्मे दिवस ओट्यापाशी आणि निम्मे बाळंतिणीच्या खोलीत गेले. नायगारा पाहिला नाही की न्यूयॉर्क पाहिले नाही. तरीपण एक मौज मी तिथे पाहिली, नुसती पाहिली नाही तर तीत भागही घेतला, तीच सांगते. भाषण करायची सवय नाही, चुकले तर सांभाळून घ्या.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या मुलांचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबुळका चेंडू हातात घेऊन पळायचे, आणि समोरच्या अकरा जणांनी त्याला आडवे पाडायचे. डोक्याला शिरस्त्राण, खांद्यांना गाद्या. हा खेळ कॉलेजांतली मुले फार निगुतीने खेळतात, आणि त्यांतली उत्तम मुले पुढे पगारी संघांत जातात. असे संघ एकंदर ३२. आता कोणत्या मुलाने कोणत्या संघात जायचे? तर दरवर्षी एप्रिलमध्ये त्यांची निवड होते. तिला तिकडे 'ड्राफ्ट' म्हणतात. सात फेऱ्या असतात, आणि आदल्या वर्षी जो संघ सर्वांत जास्त हरला त्याला पहिला मान. ही पद्धत बर्ट बेल नावाच्या गृहस्थांनी १९३५ साली सुचवली. त्यांचा फिलाडेल्फियाचा संघ सारखा हरे आणि चांगले खेळाडू श्रीमंत संघांकडे जात. १९३६ साली पहिली निवड झाली, आणि मौज अशी की अगदी पहिला निवडलेला मुलगा, जे बरवँगर, पगारी खेळ खेळलाच नाही. तो धंद्यात पडला.

ही खरी निवड होण्याआधी कित्येक आठवडे लोक आपापल्या घरी लुटुपुटूची निवड करतात. आपण लहानपणी भातुकलीत लग्ने लावीत होतो ना, तशीच. फरक इतकाच की हे थोर पुरुष वह्या-पेन्सिली घेऊन बसतात आणि हमरीतुमरीवर येतात.

आमच्या मेहुण्यांच्या घरी ती दरवर्षी होई. आठ जण जमायचे, प्रत्येकाकडे चार संघ. काचेच्या भांड्यात ३२ चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याला जे संघ निघतील त्यांच्या वतीने पहिल्या फेरीतली मुले त्याने निवडायची. मग खऱ्या निवडीत तेच मूल त्याच संघात गेले तर तीन गुण, नुसते पहिल्या फेरीत आले तर एक गुण. त्या वर्षी खरी निवडही डेट्रॉईट शहरातच व्हायची होती, तेव्हा उत्साहाला नुसते उधाण आले होते. २१ एप्रिलचा रविवार. मी बटाटेवडे तळत होते. इतक्यात फोन आला की एकाला कारखान्यात पाळीवर जावे लागले, तो येत नाही. सात जणांत ३२ संघ कसे वाटायचे? मेहुणे स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही बसा."

मी म्हटले, "मला चेंडू कुठल्या बाजूला न्यायचा ते माहीत नाही." ते म्हणाले, "ह्यातल्या निम्म्यांनाही माहीत नाही."

मी हात पुसून बसले. माझ्या चार चिठ्ठ्या निघाल्या: लॉस एंजेलिसचा चार्जर्स संघ, अटलांटा, कॅन्सस सिटी आणि डेट्रॉईट. डेट्रॉईट निघाल्याबरोबर खोलीत शांतता पसरली. समोर शेजारचे आजोबा बसले होते, मोटारीच्या कारखान्यात उमेदीची वर्षे घालवलेले. त्यांचा जीव त्या डेट्रॉईटच्या संघावर. तो संघ १९५७ नंतर एकदाही अजिंक्य झाला नाही. २००८ साली तर सोळाच्या सोळा सामने हरला. म्हणून २००९ साली पहिला मान त्यांना मिळाला, त्यात त्यांनी मॅथ्यू स्टॅफर्ड नावाचा मुलगा घेतला, बारा वर्षे ठेवला, आणि दुसऱ्या संघाला दिला तर त्या संघाने पहिल्याच वर्षी अजिंक्यपद मिळवले. हे सांगताना आजोबांचा आवाज आपल्याकडे सोन्यासारखी सून वेगळी निघाल्याचे सांगतात तसा येई. २०२४ च्या जानेवारीत कुठे ३२ वर्षांनी त्यांच्या संघाने बाद फेरीचा सामना जिंकला होता, आणि पुढे अंतिम सामन्याच्या उंबऱ्यावर, मध्यंतराला २४-७ असा पुढे असून, हरला. अशा माणसाचा संघ माझ्या हाती! मी चिठ्ठी त्यांच्यापुढे सरकवली. पण नियम म्हणजे नियम. त्यांनी ती परत सरकवली आणि वडा उचलला.

मग त्या मुलांच्या माहितीचे कागद आले. त्यांत काय असेल? उंची, वजन, चाळीस यार्ड किती सेकंदांत पळाला, २२५ पौंडांचे, म्हणजे आपल्या एका क्विंटलहून थोडे जास्त, वजन किती वेळा उचलले. इंडियानापोलिस गावी फेब्रुवारीच्या अखेरीस ह्या मुलांना बोलावतात आणि सगळी मोजमापे घेतात. हाताचा पंजासुद्धा मोजतात, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. म्हणजे आपली वीत हो! ती इंचभर कमी भरली तर वर्तमानपत्रांत चर्चा. मुलाखतीही घेतात. २०१० साली एका मुलाला त्याच्या आईविषयी इतका वाईट प्रश्न विचारला की विचारणाऱ्याला मागून माफी मागावी लागली.

भगिनींनो, मला हसू आले आणि ते लगेच गेलेही. मला दाखवायचे चार कार्यक्रम झाले. एकांनी चालून दाखव म्हटले. एका बाईंनी वेणी ओढून पाहिली, खरी आहे की गंगावन. एकांनी वर्तमानपत्र वाचायला दिले, आणि मी घडघडा वाचले तर म्हणाले, सातवीच ना? तुमच्यातल्या पुष्कळजणींना ह्यातले सगळे ठाऊक आहे. मी विचारले, "ह्या मुलांना कोणी विचारते का, तुला कुठे जायचे आहे?" आमच्यात एक शाळामास्तरीण होत्या, त्या म्हणाल्या, "नाही. ज्याने नाव घेतले त्याच्याकडे जायचे." मात्र पहिल्या नंबराच्या मुलाला त्या वर्षी चार वर्षांचे मिळून ३ कोटी ९४ लक्ष डॉलरांहून जास्त मिळाले, तेव्हा त्यांच्यासाठी फार डोळे पुसायला नकोत.

खेळ सुरू झाला. पहिला मान शिकागोचा. वास्तविक सर्वांत जास्त हरला होता कॅरोलायनाचा संघ, पण त्याने आपला मान आदल्याच वर्षी शिकागोला देऊन टाकला होता. म्हणजे हार यांची आणि फळ त्यांचे. शिकागोने कॅलेब विल्यम्स घेतला, त्यात कोणाचे दुमत नव्हते. पाचवी पाळी माझी, चार्जर्सची. सगळे म्हणू लागले, चेंडू झेलणारा घ्या, पळणारा घ्या. मी कागद चाळत होते. एक मुलगा निघाला, जो ऑल्ट, पावणेसात फूट उंच, नोत्र दाम कॉलेजचा. त्याचे काम चेंडू धरायचे नाहीच. चेंडू फेकणाऱ्या गड्यापुढे उभे राहायचे आणि अंगावर येणाऱ्यांना थोपवायचे. वडीलही हेच काम कॅन्सस सिटीच्या संघात करीत. मी विचारले, "ह्याचे नाव केव्हा पुकारतात?" आजोबा म्हणाले, "चुकला की पुकारतात." मी म्हटले, हाच द्या. हा धंदा मला समजतो.

आठव्या पाळीला अटलांटासाठी सगळ्यांच्या सांगण्यावरून डॅलस टर्नर नावाचा बचावातला मुलगा घेतला.

मग बराच वेळ माझी पाळी नव्हती. मी दोनदा वडे तळून आले. त्या वेळात इतकी भांडणे झाली की एकाने आपल्या चार संघांचा राजीनामा दिला आणि चहा झाल्यावर परत घेतला.

एकोणतिसावी पाळी डेट्रॉईटची. आजोबा पुढे सरकून बसले. त्यांना कोपरा राखणारा गडी हवा होता, आणि त्यांच्या मनातला एक शिल्लकही होता. माझ्या हाती कागद होता दुसऱ्याच मुलाचा, कूपर डिजीनचा. आयोवा राज्यातल्या लहानशा गावचा. कामही कोपरा राखण्याचेच. पण नोव्हेंबरात सरावात त्याच्या पायाचे हाड मोडले होते, म्हणून इंडियानापोलिसला तो पळून दाखवू शकला नाही. त्याच्या रकाने भरायच्या जागी नुसत्या रेघा होत्या. मी ते नाव सांगितले.

आजोबांनी चष्मा काढला. म्हणाले, "मोडका पाय? आम्ही काय कमी भोगले?" माझी बहीण आरामखुर्चीत पाय वर करून बसली होती, तिने ते मला मराठीत सांगितले. मी म्हटले, "पाय बरा होईल. मोडायच्या आधी तो कसा खेळत होता ते बघा ना." आजोबा काही बोलले नाहीत. उरलेल्या संघांच्या निवडी संपल्यावर ते वडे न घेताच घरी गेले. मला वाईट वाटले. पाहुणीने दुसऱ्याच्या देवाला नैवेद्य दाखवावा आणि तो चुकीचा असावा, तसे झाले.

रात्री भांडी आवरताना बहीण पाठीशी येऊन उभी राहिली. आता हे सांगावे की नाही असा मी विचार करीत होते, पण सांगते. आमची आई गेली तेव्हा मी सातवीत होते आणि ही तीन वर्षांची. हायस्कूल तालुक्याला. एका संध्याकाळी अण्णा म्हणाले, "उद्यापासून शाळा बंद, हिला कोण बघणार?" तेवढेच. माझा वर्गात दुसरा नंबर होता, पण तो प्रश्न निघाला नाही. पुढे पैसे बरे मिळू लागले, हिला इंजिनिअर केले, आणि ती इथवर आली. ती म्हणाली, "ताई, त्या मुलासाठी तू एवढी का अडून बसलीस मला कळले. अण्णांनी तुला काढले नसते तर आज तूही—"

मी तिला पुढे बोलू दिले नाही. मला तिचा राग येत नव्हता असे मी आजवर सगळ्यांना सांगत आले, ते खरे नाही. पुष्कळ वर्षे येत होता. तिच्या पदवीच्या दिवशी मी पुरणपोळ्या केल्या आणि न्हाणीघरात जाऊन रडले, ते आनंदाने नव्हे. हे मी तिला त्या रात्री सांगितले. ती म्हणाली, "मला माहीत होते." मग दोघींनी मिळून कढई घासली. नववा महिना भरलेल्या बाईने कढई घासू नये, पण त्या रात्री मी तिला अडवले नाही.

गुरुवारी, २५ एप्रिलला, खरी निवड. त्या एका दिवशी डेट्रॉईटच्या चौकांत पावणेतीन लाख लोक लोटले, आणि तीन दिवसांत मिळून पावणेआठ लाख. आम्हीही जाणार होतो, पण दुपारीच हिला कळा सुरू झाल्या. तेव्हा पहिली फेरी मी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत दूरचित्रवाणीवर पाहिली, एक डोळा तिकडे आणि एक दाराकडे. पाचव्या पाळीला चार्जर्सने जो ऑल्टच घेतला! मी टाळी वाजवली, तर शेजारच्या बाई मला मुलगी झाल्याबद्दल अभिनंदन देऊ लागल्या. आठव्या पाळीला अटलांटाने मायकेल पेनिक्स हा चेंडू फेकणारा घेतला. महिन्यापूर्वीच त्यांनी तसाच एक भारी पगाराचा गडी आणलेला होता, तेव्हा सगळा देश चकित झाला. डेट्रॉईटने सौदा करून चोविसावी पाळी मिळवली आणि टेरियन आर्नल्ड घेतला. कूपर डिजीनचे नाव रात्र संपली तरी निघाले नाही. बत्तीस संघांपैकी एकालाही तो पहिल्या फेरीत नको होता. माझी भाची पहाटे झाली, आणि त्या शुक्रवारी संध्याकाळी दुसऱ्या फेरीत, चाळिसाव्या पाळीला, फिलाडेल्फियाने त्याला घेतले. तोवर मी डिंकाचे लाडू वळत होते.

माझे गुण फार झाले नाहीत, पण शाळामास्तरणींनी माझे नाव भिंतीवरच्या यादीत लिहिले. आजोबा बारशाला आले, बाळाला डेट्रॉईटच्या संघाचे निळे टोपडे घेऊन. निवडीचा विषय त्यांनी काढला नाही.

मी परत आले. २०२५ च्या फेब्रुवारीत, १० तारखेला सकाळी मी देवपूजा करीत असताना फोन वाजला. तिकडे ९ तारखेची रात्र होती आणि त्यांचा वर्षाचा अंतिम सामना चालू होता, फिलाडेल्फिया आणि कॅन्सस सिटी यांच्यात. बहीण ओरडत होती, मागे भाची रडत होती. कूपर डिजीनने कॅन्सस सिटीचा चेंडू मधल्यामध्ये पकडला आणि ३८ यार्ड पळत जाऊन पार पोचवला होता. त्या दिवशी त्याचा बाविसावा वाढदिवस होता. फिलाडेल्फियाने ४०-२२ असा सामना जिंकला. कॅन्सस सिटी हाही माझ्याच चार चिठ्ठ्यांतला, पण त्याचे मी वाईट वाटून घेतले नाही.

फोनवर मग आजोबा आले. त्यांना मराठी येत नाही आणि माझे इंग्रजी तुम्हाला माहीत आहे. ते सावकाश एकेक शब्द म्हणाले, तेवढे मला समजले: "तो आमचा असता." मग थोडे थांबले आणि विचारले, एप्रिलमध्ये येणार का? चिठ्ठ्यांचे भांडे तयार आहे, आणि वड्यांना चटणी हिरवी की लाल, ते शाळामास्तरणींना लिहून हवे आहे.

मी लिहून पाठवली. दोन्ही.