जुळ्यांतील धाकुटे
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या पुष्कळ घरांतून गर्भिणीला जोडकेळे खाऊ देत नाहीत. त्यामुळे जुळे होते अशी समजूत. ती निरुपद्रवी आहे. परंतु जुळ्यांपैकी एक गर्भ लहान आहे असे कळताच ‘सूनबाईने नीट खाल्ले नाही’ असा जो ठपका येतो, तो निरुपद्रवी म्हणता येणार नाही. त्याविषयीच आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

एकाच उदरी, एकाच अन्नावर वाढणाऱ्या दोघांत भेद का पडावा? अन्न पोचते ते वारेतून. काही जुळ्यांत प्रत्येकाची वार स्वतंत्र असते, काहींत दोघांची मिळून एकच. वार कोठे रुजली, नाळ तिच्या मध्याशी जोडली गेली की कडेला, सामाईक वारेचा किती भाग कोणाच्या वाट्यास आला, यांवर पोषण अवलंबून असते. क्वचित एका गर्भातच जन्मजात दोष असतो. यांतील एकही गोष्ट मातेच्या हातची नाही.

हा भेद फार लवकर दिसू शकतो. ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजतात. एक ६० मिलिमीटर व दुसरा ५८ भरला, तर सहसा चिंतेचे कारण नसते. दुसरा ५४ किंवा त्याहून कमी भरला, म्हणजे अंतर शेकडा १० वा अधिक झाले, तर गर्भविषयक तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. अशांतीलही पुष्कळ बालके सुखरूप जन्मतात. मात्र त्यांवर लक्ष ठेवावे लागते.

वार एक की दोन, हेही याच सुमारास सर्वांत स्पष्ट दिसते; पुढे ओळखणे कठीण होत जाते. सामाईक वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या परस्परांस जोडलेल्या असतात, आणि शेकडा सुमारे १० ते १५ प्रसंगी एकाचे रक्त दुसऱ्याकडे अधिक वाहून दोघांसही धोका संभवतो. यास्तव वार एक असल्यास १६व्या आठवड्यापासून दर पंधरवड्यास तपासणी हवी. दोन असल्यास साधारणतः दर ४ आठवड्यांनी. वेळीच कळल्यास त्या रक्तवाहिन्या लेसरने बंद करता येतात.

कुटुंबातील वडीलधाऱ्यांस माझी विनंती एवढीच, की ‘सातव्या महिन्यात पाहू’ असे म्हणू नये. तिसरा महिना सरताना तपासणी करवावी, वार एक की दोन हे कागदावर लिहून घ्यावे, आणि सुनेस दोष देण्याऐवजी तिच्यासोबत दवाखान्यात जावे.