सुटीतली नाट्यशाळा निवडताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवते. या खेपेस कार्यवाहबाईंनी मलाच पुढे उभे केले आहे. व्याख्यान देण्याची मला सवय नाही. दोन वर्षांपूर्वी मार्च ते ऑगस्ट मी अमेरिकेत मुलीकडे होते, तेव्हा घरात जे घडले तेच सांगते.

माझी नात तेव्हा अकरावीत होती आणि कॉलेजात तिला नाटकच शिकायचे होते. तिकडे त्याच्या दोन वाटा आहेत. बी.ए.ला गेले तर नाटकाबरोबर इतिहास, भाषा, शास्त्र हेही शिकता येते. बी.एफ.ए.ला गेले तर बराचसा वेळ अभिनय, आवाज आणि अंगविक्षेप यांच्या तालमीत जातो. तिथे प्रवेश नुसत्या गुणांवर मिळत नाही. चाचणी, म्हणजे ऑडिशन, द्यावी लागते. एकमेकांहून निराळी दोन स्वगते, प्रत्येकी मिनिट-दीड मिनिटाची! पुष्कळ ठिकाणी आधी चित्रफीत मागवतात. ती पसंत पडली तरच बोलावणे. ही सारी धावपळ बारावीच्या वर्षी चालते. म्हणून अकरावी-बारावीच्या मधल्या उन्हाळ्याला तिथे फार महत्त्व. त्या सुटीत कितीतरी विद्यापीठे अशा मुलांसाठी अभिनयाचे वर्ग चालवतात.

एके दिवशी टपालाने एक जाडजूड, चकचकीत पाकीट आले. ‘आपल्या कन्येची खास निवड झाली आहे,’ असे पहिल्याच ओळीत. खाली फीचा आकडा होता, काही हजार डॉलर. माझा तर ऊर भरून आला. मी मुलीला म्हटले, “अगं, माझ्या पाटल्या मोड, पण पोरीला पाठव.” जावईबापू काही बोलले नाहीत, घराचे हप्ते त्यांच्या डोळ्यांपुढे असावेत. नात तेवढी म्हणाली, “आजी, मी अर्जच केला नव्हता. मग माझी निवड कशी झाली?”

भगिनींनो, मी गप्प झाले.

मग शाळेतल्या नाटकाच्या बाईंना विचारून तिने प्रश्नांची यादी केली आणि एकेका ठिकाणी फोन लावला. शिकवणार कोण, कॉलेजचे नेहमीचे अध्यापक की उन्हाळ्यापुरते आणलेले? वर्गात मुले किती? वीस मुले आणि दोन तासांचा वर्ग असेल, तर एकेकीच्या वाट्याला सहाच मिनिटे येतात. शेवटी नाटक बसवणार, की वर्गातल्या तालमीवर भर देणार? रात्री मुलांवर देखरेख कोणाची? फीत सवलत आहे का आणि त्या अर्जाची मुदत केव्हाची? शेवटचा प्रश्न असा, की इथे आलेल्यांना पुढे कॉलेजप्रवेशात झुकते माप मिळते का? उत्तर ठिकठिकाणी एकच आले : तशी हमी नाही. ही हमी विकत मिळते असे समजूनच मी पाटल्या काढायला निघाले होते!

मोठ्या नावांत काही अर्थ नाही, असे मी म्हणत नाही. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलनने 1914 साली अमेरिकेत प्रथम नाट्यविषयाची पदवी देण्यास सुरुवात केली. मिशिगनच्या रानातले इंटरलॉकनचे कलाशिबिर 1928 सालचे, तर शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा शाळकरी मुलांसाठीचा उन्हाळी उपक्रम 1931 सालचा. पण नाव जुने म्हणून ते आपल्या मुलीच्या गरजेचे असतेच असे नाही.

नातीने घराजवळच्या एका कॉलेजातला चार आठवड्यांचा वर्ग निवडला. मुले थोडी, घरून जाऊन येता येण्यासारखे. वाचलेले पैसे कॉलेजच्या फीसाठी बाजूला राहिले.

चौथ्या दिवशी पोर रडत घरी आली. शिक्षकांनी म्हटले होते, “तू बोलतेस छान, पण समोरचा बोलतो ते ऐकत नाहीस.” शाळेत नेहमी नायिका होणाऱ्या मुलीला हे आजवर कोणी सांगितलेच नव्हते. मला वाटले, आता काही ही परत जात नाही. सकाळी पाहते तो, पोर दप्तर घेऊन दारात उभी! माझ्या मते फी त्याच दिवशी वसूल झाली. दिवसभर चुका काढून घेऊनही दुसऱ्या दिवशी जावेसे वाटते की नाही, हे चार वर्षांची फी भरण्याआधीच कळलेले बरे.

पुढे तिने चार ठिकाणी चाचणी दिली. तीन ठिकाणांहून नकार आला, एका ठिकाणी घेतले. आता ती तिथेच शिकते.

मे महिन्यात आपल्याकडेही नाट्यशिबिरांच्या जाहिराती येतील. मुलांची नावे जरूर घाला. पण आधी शिकवणार कोण, मुले किती आणि माझ्या लेकराच्या वाट्याला काय येणार, एवढे विचारा. विचारण्यात संकोच कसला? भाजी घेताना आपण एकेक वांगे उलटून पाहतोच की!