फिजिओथेरपी म्हणजे नुसता शेक नव्हे

कुणी दुपारची भांडी आवरून, कुणी शेळ्यांना चारा टाकून, तर कुणी गोठ्यातच मोबाइल खुंटीला अडकवून आपला कार्यक्रम ऐकत असाल. आज आम्ही बचत आणि व्याजाविषयी बोलणार नाही. पण आमच्या गटाच्या कर्जवहीतली एक नोंद मात्र सांगणार आहोत. ती आमच्या मनाला लागून राहिली आहे.

आधी एक प्रश्न. फिजिओथेरपी म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? आमच्या बैठकीत हा प्रश्न निघाला तेव्हा एक जण म्हणाली, "यंत्राचा शेक." दुसरी म्हणाली, "कमरेचा पट्टा." तिसरी म्हणाली, "प्लास्टर काढल्यावर हात हलवायला शिकवतात ते." आमचं ज्ञान तेवढंच होतं. ते वाढलं एका वेगळ्याच ठिकाणी, विद्यार्थ्यांच्या परिषदेत.

झालं असं, की आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात फिजिओथेरपी शिकणारी मुलंमुली शिबिरासाठी येतात. त्यांच्या कॉलेजात ८ सप्टेंबरच्या जागतिक फिजिओथेरपी दिनाच्या निमित्तानं परिषद होती. विषय होता, पुढचं शिक्षण कोणत्या शाखेत घ्यायचं? बारावी विज्ञाननंतर ही मुलं चार वर्षं शिकतात, मग इंटर्नशिप करतात. त्यानंतर दोन वर्षं एकाच शाखेचा खोलवर अभ्यास करता येतो. त्या मुलांनी आम्हाला सांगितलं, "ताई, आम्ही आपसातच बोलतो. ज्यांना त्रास होतो त्या बायकांनी पण यावं." मग आम्ही सात जणी वडापनं निघालो. सभागृहात शिरताना चपला बाहेर काढाव्यात की नाही, इथपासून आमची अडचण होती. पण मुलींनी हाताला धरून पुढच्या रांगेत बसवलं.

सुरुवातीला एका मुलानं थोडक्यात इतिहास सांगितला. आपल्या देशात या शास्त्राचं शिक्षण १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत सुरू झालं. तेव्हा पोलिओची साथ होती, आणि लुळ्या पडलेल्या मुलांना उभं करणारी माणसं हवी होती. २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पण माणसाला पुन्हा उभं करण्याचं काम संपलं नाही, उलट त्याला फांद्या फुटल्या. त्या फांद्याच आम्ही दिवसभर ऐकल्या.

पहिली शाखा हाडं, सांधे आणि स्नायूंची. ही तर आपल्या रोजच्या कामाची. द्राक्षबागेत विरळणीला, डिपिंगला दिवसभर हात डोक्यावर धरावे लागतात, आणि रात्री खांदा झोपू देत नाही. भांगलणीत वाकून कंबर धरते. गुडघ्यांचं तर विचारूच नका. तिथल्या मुलीनं सांगितलं, की गुडघ्याची झीज झाली म्हणून चालणं बंद केलं, तर मांडीचे स्नायू अशक्त होतात आणि सगळा भार गुडघ्यावरच येतो. म्हणून व्यायाम हाच त्यावरचा मुख्य उपचार. खुर्चीवर बसा, एक पाय गुडघ्यात सरळ करा, मांडी घट्ट आवळा, पाच अंक मोजा, हळू खाली सोडा. असं दहा वेळा, मग दुसरा पाय. शेकानं थोडा वेळ बरं वाटतं, पण ताकद शेकानं येत नाही.

दुसरी शाखा मेंदू आणि मज्जातंतूंची. आता ती कर्जवहीतली नोंद सांगतो.

आमच्या गटातल्या एका ताईच्या सासूबाईंना गेल्या वर्षी डाव्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यातून पाच दिवसांनी घरी आणलं. पाहुण्यांपैकी कुणीतरी सांगितलं, की अमुक गावी तेल लावून बरं करतात, तिथं राहावं लागतं. ताईनं गटाकडं पैसे मागितले. आम्ही एका बैठकीत १० हजार रुपये मंजूर केले. वहीत लिहिलं, 'औषधोपचार'. आम्हाला अभिमान वाटला, की अडीनडीला गट धावून गेला. दोन महिने मालिश झाली. बाकी सगळा वेळ आत्या पडून होत्या. घरी आल्या तेव्हा हात कोपरात आखडलेला, मूठ मिटलेली आणि खांदा इतका दुखायचा की झंपर घालताना त्या रडायच्या. त्यांना उठवायला आम्ही पण जायचो. एक जण इकडून, एक जण तिकडून, हाताला धरून वर ओढायचो.

परिषदेत एका मुलानं दुसऱ्या मुलाला कॉटवर झोपवून दाखवलं. म्हणाला, "अर्धांगवायू झालेल्या माणसाचा लुळा हात कधीही ओढू नका. खांद्याचा सांधा धरून ठेवणारे स्नायू ढिले झालेले असतात. ओढलं की सांधा निसटतो आणि दुखणं मागं लागतं." आम्ही सातही जणींनी एकमेकींकडं पाहिलं. ती ताई मान खाली घालून बसली होती.

त्यानं पुढं सांगितलं ते नीट ऐका. मेंदूचा काही भाग मेला, तरी उरलेला भाग हरवलेलं काम पुन्हा शिकू शकतो. पण ते काम पुन्हा पुन्हा करूनच शिकतो, पडून राहून नाही. सर्वांत वेगानं सुधारणा होते ती पहिल्या तीन महिन्यांत. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली की लगेच बसवणं, उभं करणं, हाताला काम देणं सुरू करायचं. माणूस अंथरुणावर असेल तर दर दोन तासांनी कूस बदलायची. लुळ्या हाताखाली उशी द्यायची. तेल लावलं तर बिघडत नाही, पण तेल हा उपचार नव्हे.

त्याच्याही आधीची गोष्ट. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात वर उचलत नाही, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी थेट मोठं हॉस्पिटल गाठा. १०८ला फोन करा. रक्ताची गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं. अशा वेळी ना तेल, ना अंगारा, ना 'सकाळी बघू'.

जेवणानंतर एक मुलगी बोलायला उभी राहिली. विषय होता स्त्रियांचं आरोग्य. तिनं आडपडदा ठेवला नाही. म्हणाली, "खोकला आला, शिंक आली, पाण्याची घागर उचलली, की लघवीचे थेंब गळतात. बाळंतपणानंतर, पाळी गेल्यानंतर पुष्कळ बायकांना हे होतं. वयच झालं म्हणून त्या सोसतात. पण यावर उपाय आहे." सभागृहात मुलंही होती. आम्ही पदर तोंडावर घेतले, पण कान उघडे ठेवले.

परतीच्या वडापमध्ये आमच्या अध्यक्ष मावशी हळूच म्हणाल्या, "अकरा वर्सं झाली. मी एसटीनं लग्नाला जात न्हाई ते ह्याच्यापायी." अकरा वर्षं दर आठवड्याच्या बैठकीला आम्ही मांडीला मांडी लावून बसतो. मावशी लवकर उठून का जातात, हे कधी कुणी विचारलं नव्हतं. मग दुसरी बोलली. मग तिसरी. सात जणींपैकी चौघींना तोच त्रास निघाला.

त्या मुलीनं शिकवलेला व्यायाम सांगतो. लघवी आणि वारा दोन्ही रोखून धरायचे आहेत, असं समजून खालचे स्नायू आत आणि वर ओढा. श्वास रोखू नका. पोट, मांड्या, कुल्हे आवळू नका. पाच अंक मोजा, सोडा, तेवढाच वेळ विश्रांती घ्या. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिल्यांदा पाच अंक जमले नाहीत तर दोन मोजा, हळूहळू वाढवा. लघवी करताना मधेच रोखून हा व्यायाम करू नका. आठ दिवसांत गुण येत नाही, निदान तीन महिने नेमानं करावा लागतो. भाकरी थापताना करा, टीव्हीपुढं करा, कुणाला कळतसुद्धा नाही. अंग थोडं बाहेर येत असेल तरी या व्यायामाचा उपयोग होतो. मात्र लघवीला जळजळ असेल, रक्त जात असेल किंवा अंग जास्तच बाहेर येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. 'पिशवीच काढून टाकू' असं ठरवण्याआधी तर नक्कीच.

आणखीही शाखा होत्या. छाती आणि श्वासाची एक. चुलीच्या धुरानं ज्यांना धाप लागते, त्यांनी नाकानं श्वास घ्यायचा आणि शिट्टी वाजवल्यासारखे ओठ करून सावकाश सोडायचा, हे तिथं शिकलो. लहान मुलांची एक. बाळानं चार महिन्यांच्या सुमाराला मान धरली नाही, नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसलं नाही, दीड वर्षात चाललं नाही, तर 'मामा पण उशिराच चालला होता' म्हणून थांबू नका. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाला दाखवा. जिल्हा रुग्णालयात अशा मुलांसाठी वेगळं केंद्र असतं, तिथं फिजिओथेरपीही मिळते. आणि खेळाडूंची एक शाखा.

शेवटी सरांनी मुलांना विचारलं, "कोण कुठल्या शाखेला जाणार? हात वर करा." खेळाडूंच्या शाखेला भराभर हात वर झाले. हाडं-सांध्यांनाही पुष्कळ. मग ते म्हणाले, "सामाजिक फिजिओथेरपी?" म्हणजे गावागावांत, वस्त्यांवर जाऊन करायचं काम. मोजून चार हात.

मावशींना राहवलं नाही. त्या उभ्या राहिल्या. "पोरांनो, तुम्ही समदी खेळाडूंकडं गेलासा, तर आमच्या गुडघ्यांकडं कुणी बघायचं? आम्ही बी रोज पळतोयच की."

आधी हशा झाला, मग सगळे गप्प झाले. एक मुलगी उठली. ती खरं बोलली. म्हणाली, "मावशी, मी पण खेड्यातलीच आहे. घरच्यांनी कर्ज काढून शिकवलंय. गावात नोकऱ्या कमी आहेत. मी येते म्हणाले तर खोटं होईल. पण इंटर्नशिपमध्ये तुमच्या केंद्रावर असेन, तेव्हा तुम्हाला एवढं शिकवून जाईन की तुम्ही एकमेकींना शिकवाल." आम्हाला तिचा राग आला नाही. कर्ज म्हणजे काय, ते आमच्याइतकं कुणाला कळणार?

तिनं शब्द पाळला. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ती आणि तिच्या मैत्रिणी येत राहिल्या. आत्यांना त्यांनी घरी जाऊन पाहिलं. आत्या आता काठी घेऊन उंबऱ्यापर्यंत येतात. हात अजून आखडलेलाच आहे, पण उशीनं आणि हळू हालचालीनं खांद्याचं दुखणं कमी झालंय. पूर्ण सुटेल का, असं ताईनं विचारलं. मुलीनं स्पष्ट सांगितलं, "लवकर सुरू झालं असतं तर जास्त आशा होती. आता जेवढं मिळेल तेवढं मिळवू." ते ऐकून ताई काही बोलली नाही. आम्हीही नाही. ते १० हजार ती अजून फेडते आहे. व्याज मात्र गटानं ठराव करून माफ केलं, कारण चूक तिच्या एकटीची नव्हती.

तेव्हापासून आम्ही एक नियम केला. दशसूत्रीत आरोग्य आहेच, पण ते आम्ही नुसतं म्हणत होतो. आता उपचारासाठी कर्ज मागायला कुणी आलं, तर पैसे लगेच देतो, आणि सोबत तीन प्रश्न विचारतो. दाखवलं कुणाला? दुखणं कशाचं सांगितलं? व्यायाम कुणी शिकवणार आहे का? उत्तर नसेल तर आमच्यातली एक जण सरकारी दवाखान्यात सोबत जाते.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं काढा. खुर्चीवरचा तो गुडघ्याचा व्यायाम सगळ्या जणी मिळून करा. आणि जी बाई नेहमी लवकर उठून जाते, तिला एकटीला गाठून मायेनं विचारा, "बाई, काही त्रास होतोय का?"

आमच्या मावशी परवा भाचीच्या लग्नाला एसटीनं गेल्या. येताना आम्हा सगळ्यांसाठी बुंदीचे लाडू घेऊन आल्या.